तळावरची खूण : आधी माती पाहा, मग अक्षरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टुडिओ पॉटरी, म्हणजे एकेका कारागिराने किंवा छोट्या कार्यशाळेने हाताने घडवून भाजलेली भांडी, जमवणाऱ्यांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे तळाचा एक पुसट फोटो आणि सोबत ‘खाली बी आणि एल दिसतंय, म्हणजे बर्नार्ड लीचच ना?’ लीच हा इंग्लंडमधल्या सर्वांत नावाजलेल्या कारागिरांपैकी एक. विकणाराही तेच सांगत असतो. ‘सही आहे’ एवढ्या दोन शब्दांवर किंमत ठरते, पैसे मोजले जातात, आणि भांडे भलत्याच कोणाचे निघाले की मनस्ताप होतो. खुणेतली अक्षरे वाचणे हे ओळख पटवण्यातले शेवटचे काम आहे. ती खूण मातीत कधी आणि कशी उमटली, हे त्याआधी पाहावे लागते. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

लागणारी हत्यारे थोडी आहेत : दहापट मोठे दाखवणारे भिंग, हातात धरायची छोटी बॅटरी, एक दशांश मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, मऊ ब्रश आणि टेबलावर अंथरायला जाड टॉवेल. भांडे उलटे करण्याआधी झाकण वेगळे काढून ठेवावे. भांडे कानाला किंवा तोटीला धरून कधीही उचलू नये. जुनी डागडुजी असते ती नेमकी तिथेच.

उजेड समोरून पाडला तर खूण सपाट दिसते. बॅटरी तळाच्या पातळीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरावी. भांडे जागच्या जागी फिरवत चारही बाजूंनी पाहावे, कारण उभी रेघ आडव्या उजेडात उठते आणि आडवी रेघ उभ्या. इथे डोळ्यांची एक फसवणूक लक्षात ठेवायला हवी. उजेड वरून येतो असे आपला मेंदू धरून चालतो. त्यामुळे फोटोत उजेड खालून आला असेल, तर आत दाबलेला शिक्का वर उठल्यासारखा दिसतो. उठावाचा शिक्का आणि खोलगट शिक्का या दोन वेगळ्या नोंदी असतात. एका चुकीच्या फोटोमुळे माणूस चिन्हांच्या कोशात भलत्याच पानावर जाऊन पोचतो. फोटो काढताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून ठेवावा, कॅमेरा खुणेला काटकोनात धरावा आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. पट्टीशिवाय काढलेला फोटो तुलनेला जवळपास निरुपयोगी.

आता खूण कशी केली आहे ते. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

दाबलेला शिक्का माती ओली किंवा लेदरहार्ड असताना मारतात. लेदरहार्ड म्हणजे चामड्याइतकी घट्ट, बोट लावले तर रुतत नाही पण जोराने दाबले तर ठसा घेते ती अवस्था. शिक्का आत जातो तेव्हा बाजूची माती किंचित वर ढकलली जाते, त्यामुळे ठशाभोवती भिंगातून बारीकसा उंचवटा दिसतो. बारीक भिंतीवर शिक्का मारायचा तर कारागीर आतून बोटाचा आधार देतो. म्हणून बुडाजवळच्या शिक्क्याच्या बरोबर मागे, भांड्याच्या आतल्या बाजूला, कधीकधी हलकासा चपटेपणा हाताला लागतो. शिक्क्यावर ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) आले असेल तर ते खोलगट भागात साचलेले असते. सेलाडॉन या हिरवट ग्लेझमध्ये अक्षरांच्या आत हिरवा रंग गडद होतो. टेनमोकू या काळ्या-तपकिरी ग्लेझमध्ये आत काळे आणि वर आलेल्या कडांवर तपकिरी-गंजेरी दिसते, कारण कडेवर ग्लेझ पातळ होते. ग्लेझ ठशात असे वाहून बसलेले असेल, तर शिक्का भाजण्याआधीचा आहे एवढे नक्की. तो शिक्का कोणाचा, हा प्रश्न मात्र उरतोच.

कोरलेल्या सहीत रेघेच्या कडा सगळे सांगतात. लेदरहार्ड मातीत सुई किंवा बांबूची काडी फिरली की रेघ गुळगुळीत होते आणि कडेला मातीची बारीक वळी उठते. अक्षर जिथे संपते तिथे मातीचा कण अडकून राहतो. हाडासारख्या कोरड्या मातीत कोरले तर कडा भुसभुशीत आणि तुटक. भाजल्यानंतर कोरलेली सही अगदी वेगळी : रेघेच्या दोन्ही बाजूंना काचेचे शिंपल्यासारखे टवके उडालेले, खोबणीत ग्लेझचा मागमूस नाही, आतला रंग कच्चा आणि फिका. फिरत्या टोकाच्या यंत्राने कोरली असेल तर वळणावर टोक थरथरल्याच्या खुणा दिसतात. भाजल्यानंतरची प्रत्येक ओरखडलेली खूण खोटीच असते असे नाही. संग्रहालयाचा नोंद क्रमांक, जुन्या मालकाची खूण किंवा दुय्यम मालाची फुलीही असू शकते. पण तिला कारागिराची सही मानायचे तर दुसरा भक्कम पुरावा हवा.

रंगवलेली सही बहुधा लोहाच्या किंवा कोबाल्टच्या ऑक्साइडची असते. ती ग्लेझखाली असेल तर नख फिरवून लागत नाही आणि कडा किंचित पसरलेल्या दिसतात. ग्लेझवर इनॅमलने (पुन्हा हलके भाजून पक्क्या केलेल्या रंगाने) केलेली सही नखाला हलकी लागते. नंतर साध्या रंगाने थंडच लिहिलेली सही ओळखायला सोपा मार्ग आहे : तळावरचे झिजेचे ओरखडे पाहावेत. ओरखडा सहीच्या अंगावरून गेला असेल तर सही आधीची. सहीचा रंगच ओरखड्याच्या खोबणीत उतरला असेल तर सही नंतरची. ॲसिटोनचा बोळा फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. खरी शाईची सही आणि जुने लेबल दोन्ही त्याने जातात. गर्ट्रूड आणि ऑटो नॅट्झलर या अमेरिकेत स्थायिक झालेल्या ऑस्ट्रियन दांपत्याच्या भांड्यांवर सहीइतकेच मोल चिकटवलेल्या क्रमांकाच्या लेबलाला आहे, आणि अशी लेबले साफसफाईच्या हौसेत धुतली जातात.

आणखी एक प्रकार म्हणजे मातीची छोटी टिकली चिकटवून तिच्यावर मारलेला शिक्का. ही पद्धत खरी आणि जुनी आहे. पण भाजलेल्या भांड्यावर रेझिनची टिकली डकवून खोटी खूण लावणेही तितकेच सोपे. रेझिन ओठाला लावले तर भाजलेल्या मातीइतके गार लागत नाही, आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील बॅटरीखाली अंधारात बरेचदा निळसर-पांढरे चमकते. काही ग्लेझही चमकतात आणि डागडुजीची काही नवी द्रव्ये मुळीच चमकत नाहीत, म्हणून भांड्याच्या बाकी अंगाशी तुलना करूनच निष्कर्ष काढावा.

मापाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण हे साधन स्वस्त असून फार थोडे लोक वापरतात. माती सुकताना आणि भाजताना आवळते. ओल्या अवस्थेपासून भट्टीतून बाहेर येईपर्यंत स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजलेली घट्ट माती) साधारण १० ते १३ टक्के आवळते, पोर्सिलेन (बारीक पांढरी चिनीमाती) त्याहून थोडे जास्त, कमी तापमानाला भाजलेली माती कमी. शिक्का मारतेवेळी थोडे आकुंचन होऊन गेलेले असते. त्यानंतरचे आकुंचन सोयीसाठी १० टक्के धरू. मूळ शिक्का १० मिलिमीटरचा असेल तर भाजलेल्या भांड्यावर ठसा ९ मिलिमीटरचा उतरतो. आता नक्कल करणाऱ्याच्या हाती मूळ शिक्का नसतो, त्याच्याकडे असते ते भाजलेले भांडे. त्या ठशात रेझिन ओतून त्याने शिक्का बनवला, तर तो शिक्का ९ मिलिमीटरचा होतो आणि त्याच्या भांड्यावरचा ठसा ८.१ मिलिमीटरचा. त्याने ठशात ओली माती दाबून ती बिस्क, म्हणजे ग्लेझ न देता पहिल्यांदा, भाजून शिक्का केला, तर ती मातीही सहा-एक टक्के आवळते. शिक्का जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा आणि ठसा ७.६ च्या आसपास. कॅलिपरवर हा फरक लपत नाही.

ठशाची खोलीही कमी होते. मूळ ठशात ग्लेझ साचलेले असल्याने साच्यातून निघालेली अक्षरे उथळ आणि कोपऱ्यांना गोलसर येतात. अर्थात या हिशेबाला मर्यादा आहेत. एकाच कारागिराकडे आयुष्यभरात तीन-चार शिक्के असू शकतात, आणि तोच शिक्का पोर्सिलेनवर लहान, भरड स्टोनवेअरवर मोठा उमटतो. म्हणून तुलना त्याच मातीच्या, शक्यतो त्याच काळातल्या खात्रीच्या भांड्याशी करावी. गोलसर भिंतीवर ठसा एका कडेला फिका पडतो, तेव्हा चौकटीच्या दोन पूर्ण उमटलेल्या कडांमधलेच अंतर मोजावे. शिवाय संगणकावर ठसा सुमारे ११ टक्के मोठा करून त्रिमितीय छपाईने शिक्का बनवता येतो, त्यामुळे माप जुळणे हा पुरावा नव्हे; माप न जुळणे ही मात्र धोक्याची घंटा. अशा छापील शिक्क्याचे बारीक थर भिंगातून कधीकधी पायऱ्यांसारखे दिसतात.

शिक्का झिजतो, हेही उपयोगी पडते. बरेच कारागीर आपला शिक्का मातीचाच करून बिस्क भाजतात. वापरून वापरून कडा बोथट होतात, एखाद्या दिवशी चौकटीचा कोपरा उडतो. कोपरा उडालेला शिक्का पुढच्या सगळ्या भांड्यांवर तसाच येतो. तारीख माहीत असलेली दोन-चार भांडी हाताशी असतील तर या टवक्यावरून आपले भांडे आधीचे की नंतरचे हे सांगता येते.

आता अक्षरांकडे. प्रथम खूण चारही दिशांनी फिरवून पाहावी. एम उलटा धरला की डब्ल्यू होतो, एन आडवा की झेड, सहाचा नऊ. तळावर ‘वरची बाजू’ अशी काही नसते. अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतील तर आडनावाचे अक्षर कोणते हे ठरवण्याची घाई करू नये. दोन्ही क्रमांनी शोधावे. आणि शोधताना निव्वळ अक्षरे नव्हे तर पूर्ण वर्णन लिहून शोधावे : ‘चौकोनी, खोलगट, नऊ मिलिमीटर, आत उठावाची दोन अक्षरे, बुडाजवळ बाजूला’. केवळ दोन अक्षरांवर कोशात डझनभर नावे सापडतात.

दुसरी गोष्ट, खूण कार्यशाळेची की व्यक्तीची. ‘लीच’ प्रकरणात सगळा घोटाळा इथेच होतो. बर्नार्ड लीच आणि जपानी कारागीर शोजी हमादा यांनी १९२० मध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली. त्या कार्यशाळेचा शिक्का म्हणजे एस आणि आय एकमेकांवर आणि सोबत दोन ठिपके. पुढे तिथे रोजच्या वापरातली भांडी ठरावीक नमुन्यांवर तयार होऊ लागली. ती शिकाऊ आणि पगारी कारागिरांनी घडवली आणि त्यांच्यावर कार्यशाळेचा तेवढा शिक्का आला. तेव्हा नुसता सेंट आइव्हजचा शिक्का म्हणजे ‘लीच पॉटरीचे भांडे’, ‘बर्नार्ड लीचच्या हातचे भांडे’ नव्हे. त्याच्या स्वतःच्या कामावर बी-एल ही वैयक्तिक खूण कार्यशाळेच्या शिक्क्याच्या जोडीला अपेक्षित असते. जे-एल तर आणखी गुंत्याचे : बर्नार्डची पत्नी जॅनेट, आणि मुलगा डेव्हिड याचे मुलगे जॉन आणि जेरेमी, तिघांचीही आद्याक्षरे तीच. अशा वेळी जोडीचा कार्यशाळेचा शिक्काच निवाडा करतो.

ऑस्ट्रियातून इंग्लंडला आलेल्या लूसी री हिचेही उदाहरण घ्यावे. व्हिएन्नामधल्या तिच्या भांड्यांवर एल-आर-जी आणि ‘वीन’ (व्हिएन्नाचे जर्मन नाव) असे रंगवलेले आढळते, कारण माहेरचे आडनाव गोम्पर्झ. १९३८ मध्ये ती लंडनला आली. तिथल्या कामावर एल-आर असा दाबलेला शिक्का आहे. १९४६ पासून हान्स कोपर तिच्या स्टुडिओत काम करू लागला आणि दोघांनी मिळून केलेल्या कप-बशांसारख्या भांड्यांवर एल-आर आणि एच-सी असे दोन शिक्के शेजारी दिसतात. लंडनच्या कामात शोभावे अशा रूपाच्या भांड्याखाली ‘वीन’ आढळले, तर थांबून विचार करायला हवा. नायजेरियात मायकेल कार्ड्यूने उभारलेल्या अबूजा मातीकाम केंद्रात लाडी क्वाली हिच्या भांड्यांवरही एल-के आणि केंद्राचा शिक्का असे दोन ठसे असतात. जिथे जोडीची प्रथा आहे तिथे एकच खूण सापडली तर दुसरी का नाही, हे विचारावे. कधी ती ग्लेझखाली बुजलेली असते, कधी कानाच्या बुडाशी असते, कधी मुळात नसते.

तळावरचे आकडे हा फसवणुकीचा, बहुतेक वेळा स्वतःच स्वतःच्या फसवणुकीचा, मोठा उगम. ‘५८’ दिसले की १९५८ असे धरले जाते. प्रत्यक्षात तो आकार क्रमांक असेल, भट्टीच्या फेरीचा असेल किंवा ग्लेझच्या कृतीचा. कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी हिने लाकडांच्या राखेच्या ग्लेझवर आयुष्य घातले आणि तिच्या के-पी-बी शिक्क्याच्या भांड्यांवर ग्लेझचे क्रमांक आढळतात. त्यांना वर्ष समजणे म्हणजे तिच्या कामाचा आत्माच न कळणे. उलट काही ठिकाणी आकडा खरोखरच तारीख सांगतो. न्यू मेक्सिकोतल्या सान इल्देफोन्सो प्वेब्लो या मूळनिवासी गावातल्या मारिया मार्टिनेझने मुलगा पोपोवी दा याच्यासोबत केलेल्या काळ्या भांड्यांवर सहीखाली ‘८६९’ असे असेल, तर ते ऑगस्ट १९६९. तिच्या सह्यांची परंपराच कालमापनाचे उत्तम साधन आहे : पती ज्युलियन १९४३ मध्ये वारला तोवर ‘मारी’ आणि ‘ज्युलियन’, नंतर सून सांताना हिच्यासह ‘मारी’ आणि ‘सांताना’, आणि १९५६ च्या सुमारापासून ‘मारिया’ आणि ‘पोपोवी’. नक्षी नसलेल्या, निव्वळ घोटलेल्या भांड्यांवर ‘मारिया पोवेका’. मात्र तिने गावातल्या इतर बायकांच्या भांड्यांवरही, त्यांना चांगली किंमत मिळावी म्हणून, आपले नाव घातल्याचे प्रसिद्ध आहे. सही शंभर टक्के खरी आणि भांडे दुसऱ्या हातचे, असेही होते.

वर्ष मोजून काढता येते अशी सर्वांत नीट व्यवस्था अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या रूकवुड कार्यशाळेची. ती काटेकोर अर्थाने स्टुडिओ नव्हे, पण संग्राहकांचे कपाट एकच असते. आर आणि पी यांचे जोडचिन्ह १८८६ मध्ये आले, १८८७ पासून दर वर्षी त्याभोवती एक ज्वाला वाढत गेली, १९०० मध्ये चौदा झाल्या आणि १९०१ पासून खाली रोमन आकडा येऊ लागला. ज्वाला मोजताना भिंग वापरावे आणि दोनदा मोजावे. ग्लेझ दाट असले की एखादी हमखास निसटते. खुणेशेजारी घासून केलेली फुली असेल तर तो माल कार्यशाळेनेच दुय्यम ठरवलेला आहे, आणि ती फुली फोटोत अंगठ्याखाली झाकली जाणार नाही याची काळजी विकत घेणाऱ्यानेच घ्यायची असते.

पिकासोच्या नावाच्या थाळ्या आणि सुरया यांबद्दल दोनच वाक्ये. फ्रान्समधल्या व्हालोरिसच्या मादुरा कार्यशाळेत त्याच्या मूळ कृतींवरून तिथल्या कारागिरांनी आवृत्त्या काढल्या, त्यांच्यावर ‘एदिस्याँ पिकासो’ आणि ‘मादुरा’ असे शिक्के किंवा लेखन असते. त्या अस्सल आवृत्त्या आहेत, त्याच्या हातची एकमेव वस्तू नव्हे.

मग खूणच नसेल तर? रिचर्ड बॅटरहॅम हा इंग्लंडमधला फार मोठा कारागीर आपल्या भांड्यांवर खूणच करत नसे. हमादानेही सेंट आइव्हजमध्ये शिक्का वापरला, पण जपानला परतल्यावर भांड्यावर सही करणे सोडले. कावाई कांजिरोही भांड्यावर नाव घालत नसे. अशा जपानी कामात ओळख असते ती लाकडी पेटीत. झाकणावर कारागिराने स्वतः शाईने लिहून लाल शिक्का उमटवलेली पेटी, तिला तोमोबाको म्हणतात, ही भांड्याची जन्मनोंद असल्यासारखीच आहे. पेटी तपासताना भांडे तिच्यात नीट बसते का, तळाशी आणि आतल्या कापडावर झिजेच्या खुणा भांड्याच्या तळाच्या कड्याच्याच मापाच्या आहेत का, आणि झाकणावर लिहिलेला प्रकार (चहाचा वाडगा, फुलदाणी, साकेची बाटली) आत आहे त्याच्याशी जुळतो का, एवढे तरी पाहावे. मोकळ्या पेट्या आणि पोरकी भांडी यांचे जोड लावून विकले जातात. केन्झान या जुन्या जपानी कारागिराचे नाव ब्रशने लिहिलेले दिसले तर मूळ कारागिराचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण ते नाव अनुयायांनी आणि नकलाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिले आहे. जपानमधल्या बिझेनच्या भांड्यांवरची साधी रेघ किंवा वर्तुळ ही बरेचदा सही नसून सामाईक भट्टीत कोणाचा माल कोणता हे कळावे म्हणून केलेली खूण असते.

खूण नसलेल्या भांड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी : खूण घासून काढलेली तर नाही ना. कमी नावाजलेल्या कारागिराचा शिक्का उडवून भांडे मोठ्या नावाने खपवले जाते. घासलेला भाग आजूबाजूपेक्षा सपाट असतो, भट्टीत आलेली वरची साय तिथे नसते, माती फिकी दिसते आणि भिंगातून एकाच दिशेच्या समांतर रेघा दिसतात. नैसर्गिक झीज अशी नसते. ती टेकणाऱ्या कड्यावरच असते आणि तिचे ओरखडे सगळ्या दिशांना जातात. तळ एकसारखा तपकिरी असेल, कड्याच्या आतल्या न टेकणाऱ्या भागातही मळकट असेल, तर चहाचे पाणी किंवा बुटाचे पॉलिश चोळून वय वाढवल्याचा संशय घ्यावा.

नुसत्या खुणेवर विसंबण्याचा धोका केवढा, हे इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास दिसून आले. फेदरस्टोन तुरुंगाच्या मातीकाम वर्गात कैद्यांनी बर्नार्ड लीचच्या नावाची भांडी, शिक्क्यांसकट, तयार केली आणि ती नावाजलेल्या लिलावांत विकली गेली. जाणत्या माणसांचेही डोळे शिक्क्यावर खिळले होते. दुसरे टोक अमेरिकेत मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या जॉर्ज ओर याचे. त्याची घडवून एकदाच भाजलेली, ग्लेझ न दिलेली भांडी मोठ्या संख्येने मागे राहिली होती. त्यांतल्या काहींवर नंतर दुसऱ्यांनी ग्लेझ चढवून ती विकली. तिथे माती ओरची, शिक्का ओरचा, हात ओरचा. रंग मात्र त्याचा नाही. ठशाच्या खोबणीत धूळ किंवा मळ ग्लेझखाली अडकलेला दिसणे, ग्लेझ इतर खात्रीच्या भांड्यांपेक्षा एकसुरी आणि जास्त चकचकीत असणे, ही शंकेची जागा.

म्हणून खुणेसोबत तळ पूर्ण वाचावा. तळाचे कडे चाकावर कोरले आहे की भांडे दोऱ्याने कापून तसेच ठेवले आहे. दोऱ्याच्या कापाचे शिंपल्यासारखे वळसे कोणत्या बाजूला फिरतात. माती भरड की बारीक, लोहाने तांबूस की करडी. ग्लेझ कड्यापासून किती अंतरावर थांबवले आहे आणि ती रेघ ब्रशने पुसली आहे की बुडवून आली आहे. या सवयी हाताच्या असतात, आणि शिक्क्यापेक्षा त्यांची नक्कल फार कठीण. वजनही तोलावे. चांगल्या कारागिराचे भांडे दिसते त्याहून अनेकदा हलके असते, नक्कल बुडाशी जड राहते, कारण बुडाची माती कोरून काढण्याचा धीर नवख्याला नसतो.

स्वच्छतेबाबत कळकळीची विनंती. खूण दिसत नाही म्हणून भांडे पाण्यात भिजत घालू नका. राकू (झटपट भाजून तापलेलीच भट्टीतून काढलेली) आणि कमी तापमानाची भांडी पाणी शोषतात, मग आतले क्षार वर येऊन पांढरा थर धरतात आणि ग्लेझचे पापुद्रे सुटतात. ब्लीच तर मुळीच नको, त्याचे क्षारही आतच राहतात. आधी कोरडा ब्रश, मग शुद्ध पाण्यात किंचित ओला केलेला कापूस, तोही ग्लेझ असलेल्या भागावर. ठशाची नक्कल घ्यायची असेल तर पातळ कागद ठेवून वर मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. प्लॅस्टिसिन दाबू नये. त्याचे तेल उघड्या मातीत मुरते आणि डाग कायमचा राहतो. खूण नीट दिसावी म्हणून तिच्यात खडू किंवा पावडर भरणेही तसेच घातक.

प्रत्येक भांड्याची नोंद एका कागदावर असावी : उंची, सर्वांत मोठा व्यास, कड्याचा व्यास, वजन, मातीचा रंग, ग्लेझ, खुणेचा प्रकार, तिचे माप आणि जागा, आकडे, लेबले, डागडुजी, आणि कोणाकडून कधी घेतले त्याची पावती. निष्कर्ष लिहिताना भाषा तोलून वापरावी. ‘अमुकच्या हातचे’, ‘अमुकच्या कार्यशाळेतले’, ‘अमुकचे असावे’ आणि ‘अमुकच्या वळणाचे’ ही चार वेगळी विधाने आहेत, आणि विकणाऱ्याने पावतीवर यांतले कोणते लिहून दिले हे पैसे देण्याआधी पाहावे. तोंडी ‘लीचचे’ आणि पावतीवर ‘लीचच्या वळणाचे’ असा प्रकार आढळला तर तिथेच थांबावे.

आपल्या पुरवणीत संग्रहांविषयी सचित्र मजकूर येतो तेव्हा भांड्याचे देखणे रूप छापले जाते, तळ कधीच दिसत नाही. यापुढे शक्य तिथे खुणेचा एक स्वच्छ फोटो, मिलिमीटरच्या पट्टीसह, शेजारी छापावा, आणि ओळीत वर दिलेल्या चार विधानांपैकी नेमके कोणते लागू आहे तेही लिहावे, ही विनंती.

आपले,
स्टुडिओ पॉटरीच्या खुणांचे काही अभ्यासक